मारणाऱ्याची कणव, मेलेल्याची आठवण

आमच्या जालना जिल्ह्यात १ ऑगस्ट हा दिवस गाजत येतो. अंबड असो, परतूर असो की भोकरदन, लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीची मिरवणूक निघते, आणि अण्णाभाऊंचे नाव घेतले की पाठोपाठ फकिराचे नाव ओठांवर येते. ज्या वस्त्यांतून आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांचे पूर्वज ख्रिस्तसभेत आले, तशाच एका वस्तीच्या भुकेची आणि अब्रूची ही कथा. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. आजही ती आमच्यापैकी कित्येकांच्या घरी बायबल आणि गायनाच्या पुस्तकाशेजारी सापडते. ज्या मुलांनी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पाचवी आज्ञा तोंडपाठ केलेली असते, त्यांच्याच हाती आपण हे पुस्तक मोठ्या प्रेमाने देतो. फकिरा दरोडा घालतो, तलवार चालवतो, त्याच्या वाटेवर रक्त सांडते. आणि तो पकडला जाऊ नये म्हणून वाचणाऱ्याचा जीव कासावीस होतो.

ह्यात काही विसंगती आहे असे कोणास फारसे वाटत नाही, आणि ते बरेच आहे. तरीही हे घडते कसे, ह्याचा विचार एकदा करायला हवा असे आम्हांला वाटते. साहित्य आपल्याला हत्या करणाऱ्या माणसाच्या मनात नेऊन बसवते. तेथे बसल्यावर आपण त्याच्यासाठी रडतो. हे रडणे नेहमी सारख्याच मोलाचे असते काय?

मराठी साहित्यविचारात ह्या प्रश्नाची एक जुनी किल्ली आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, त्याचे सुखदुःख भोगतो, पण त्याच वेळी स्वतःचे भान त्याला सुटत नाही. तो दोन ठिकाणी एकदम असतो, आणि आनंद त्या दोनपणात आहे. ही कल्पना मांडली गेली ती सर्व प्रकारच्या पात्रांसाठी. परंतु तिची खरी परीक्षा खुनी पात्रापाशी होते असे आमचे मत आहे. सज्जनाशी समरस होताना भान सुटले तरी फारसे बिघडत नाही. खुन्याशी समरस होताना ते सुटले, तर आपण त्याचे साथीदार होतो. मग हे भान टिकवून धरणारे कलाकृतीत काय असते? आम्हांला उत्तर एकच दिसते: मेलेला माणूस. तो लेखकाने कोठे ठेवला आहे, तो दिसतो की नाही, त्याला नाव आहे की नाही, ह्यावर आपली कणव खरी की फसवी हे ठरते.

‘फकिरा’कडेच पाहू. अण्णाभाऊ कथेचा आरंभ नायकाच्या तलवारीने करीत नाहीत. आधी मरतो तो राणोजी, फकिराचा बाप. शिगावची जोगिणी आपल्या गावाला आणताना तो खोताच्या हातून मारला जातो. म्हणजे वाचक प्रथम मेलेल्याच्या घरात शिरतो, तेथले रडणे ऐकतो, आणि मगच मुलाच्या हातातले शस्त्र पाहतो. पुढे तोच खोत फकिराच्या तावडीत सापडतो. सूडकथेच्या नियमाने येथे मुंडके पडायला हवे. फकिरा त्याचा हात तोडतो आणि त्याला जिवंत सोडतो. कादंबरीतील हा क्षण आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. ज्याला मारण्याचे कारण आहे, संधी आहे, वाचकाची संमतीही आहे, तो मारीत नाही. ह्यानंतर दुष्काळात तो धान्य लुटतो, इंग्रजांच्या खजिन्यावर चालून जातो, आणि अखेर आपल्या माणसांचे हाल थांबावेत म्हणून स्वतः शत्रूच्या स्वाधीन होतो. ह्या साऱ्या प्रवासात आपली कणव त्याच्या मागे जाते, कारण माणसाच्या जिवाची किंमत त्याला कळते हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. खोताचा तुटलेला हात हा आम्ही क्षमा म्हणणार नाही. ख्रिस्ती दृष्टीने तर नाहीच. पण वाचकाचे भान शाबूत ठेवायला तो पुरतो.

जेथे ते शाबूत ठेवणे फार अवघड होते, असे नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’. १९७२ साली ते रंगभूमीवर आले. कमलाकर सारंग यांचे दिग्दर्शन. निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. परीक्षण मंडळाशी वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सारंग जिंकले, आणि त्या लढाईची हकिगत त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ ह्या पुस्तकात लिहिली. आमच्या भाविक कुटुंबांत ह्या नाटकाचे नाव अजूनही हळू आवाजात घेतले जाते. त्या काळच्या गदारोळात शिव्या आणि वासना ह्यांविषयी जेवढे बोलले गेले, त्याच्या चतुर्थांशही नाटकाच्या शेवटी होणाऱ्या खुनाविषयी बोलले गेले नाही, ही आमच्या मते त्या वादातली सर्वांत खेदाची गोष्ट होय.

सखाराम छापखान्यात पुस्तके बांधतो. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, राबवतो, भोगतो आणि पटेनासे झाले की वाटेला लावतो. हे सारे तो लपवीत नाही. मृदंग वाजवतो, दारू पितो, देवाला आणि समाजाला तोंडावर बोलतो. तेंडुलकरांनी त्याला दिलेले हे रोखठोकपण म्हणजेच प्रेक्षकासाठी मांडलेले आमिष आहे. ढोंगी माणसांच्या जगात न लपवणारा माणूस आपल्याला आवडू लागतो, आणि तो आवडू लागल्यावर त्याने लक्ष्मीला केलेली मारहाणही आपण काही अंशी पोटात घालतो. लक्ष्मी सोशिक, पूजाअर्चा करणारी, मुंगळ्याशी बोलणारी. तिच्यामागून आलेली चंपा फौजदार नवऱ्याला सोडून आलेली, रांगडी, तोंडाळ. अंगावर येणारे सोसवेना म्हणून दारू पिणारी. लक्ष्मी निराधार होऊन परत दाराशी येते, तेव्हा सखाराम तिला हाकलायला निघतो, आणि तिला राहू द्यावे म्हणून शब्द टाकते ती चंपा.

येथून जे घडते ते एखाद्या धार्मिक घरातच घडू शकते. लक्ष्मी चंपाचा माग काढते आणि तिचे दाऊदशी असलेले संबंध सखारामला सांगते. ती खोटे बोलत नाही. ती सत्य सांगते, आणि त्या सत्याने चंपाचा जीव जातो. खून करून सखाराम दगड होतो, हातपाय चालेनात. तेव्हा लक्ष्मी त्याला धीर देते, मेली ती पापीच होती असे समजावते आणि घरातच प्रेत पुरण्याच्या कामाला स्वतः लागते.

पडदा पडताना आपली कणव कोणाकडे जाते, हे ज्याने त्याने स्वतःशी तपासून पाहावे. आमचा अनुभव असा, की पहिल्या वाचनात ती सखारामकडे जाते. तो मोडला आहे, आणि मोडलेला माणूस डोळ्यांसमोर असला की आपण बाकी विसरतो. दुसऱ्या वाचनात लक्ष्मीचा संताप येतो. हा संताप सोयीचा आहे, कारण त्यामुळे खुनी आणखी हलका होतो. चंपाकडे आपण तिसऱ्या खेपेस पोहोचतो. नाटककाराने मात्र ती लपवून ठेवलेली नाही. अर्धे नाटक तिचेच आहे. तिचा राग, तिचे हसणे, आश्रयाला आलेल्या बाईसाठी तिने टाकलेला शब्द, सारे आपल्यासमोर घडलेले आहे. तरीही ती शेवटी जमिनीखाली जाते आणि आपण वर उभ्या असलेल्या पुरुषाचा चेहरा पाहत राहतो. ही नाटककाराची चूक नव्हे. त्याने आमची परीक्षा घेतली आणि आम्ही तीत उशिरा उत्तीर्ण झालो, एवढेच म्हणता येईल. देवभक्त, सोशिक, सत्य सांगणारी लक्ष्मी ही पात्रांपैकी आम्हां भाविकांना सर्वांत जवळची आहे, हेही येथे नमूद करणे भाग आहे.

चंपाला पुरण्याचे हे काम रंगभूमीपुरते नाही. वृत्तपत्रांतून ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ असा मथळा आपण कित्येकदा वाचतो. त्या चार शब्दांत मारणाऱ्याला कारण मिळते आणि मेलेलीला डाग. बातमी लिहिणाऱ्याचा तसा हेतू नसेल. पण कणव कोणत्या दिशेने वाहावी ह्याचा पाट तेथे खणलेला असतो. चावडीवर आणि कधी कधी चर्चच्या आवारातही मग तिच्या वागण्याचीच चर्चा होते.

ज्या कलाकृतीत मेलेल्याला मुद्दाम बाजूला सारले जाते, तिचे उदाहरण म्हणून आम्ही प्रदीप दळवी यांच्या ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’चे नाव घेऊ. १९९८ च्या जुलैत ते रंगमंचावर येताच शासनाने त्यावर बंदी घातली आणि २००१ साली उच्च न्यायालयाने ती उठवली. बंदीचे आम्ही समर्थन करीत नाही. वाईट युक्तिवादाला उत्तर युक्तिवादानेच द्यावे. आमचा आक्षेप नाट्यरचनेवर आहे. कोण बोलणार, हे नाटकाच्या नावातच ठरून गेले आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनेला निघालेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मनुष्य येथे मारणाऱ्याच्या निवेदनात बांधला गेला आहे, आणि प्रेक्षकाला मिळणारे गांधीजी हे मुख्यतः त्यांना मारणाऱ्याने मांडलेले गांधीजी आहेत. न्यायालयात आरोपीला आपली बाजू मांडण्याचा हक्क असतो आणि असलाच पाहिजे. पण तेथे दुसरी बाजूही असते, साक्षी असतात, उलटतपासणी असते. रंगमंचावर उलटतपासणी प्रतिपात्राने करायची असते. ते पात्र दुबळे ठेवले की नट जितका चांगला, तितके नाटक अधिक अन्यायाचे.

पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड आमच्या पिढीला विसरता येणार नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ ह्या काळात दहा माणसे मारली गेली. मारणारे कलाशिक्षण घेणारे तरुण विद्यार्थी होते. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात फाशी झाली. त्यांच्यापैकी मुनव्वर शाह याचे ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे आत्मकथन मराठीत पुष्कळ वाचले गेले. शीर्षक कबुलीचे आहे. पापनिवेदनाची सवय असलेल्या आम्हां कॅथलिकांना त्याचे वजन कळते, आणि एक धोकाही कळतो. पापनिवेदनात आपण काय केले ते सांगायचे असते, आपण कोण आहोत त्याची कादंबरी सांगायची नसते. वाचकांपैकी किती जणांना मारेकऱ्यांची नावे आठवतात, आणि मेलेल्यांपैकी काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृतचे वृद्ध पंडित होते, एवढे तरी किती जणांना आठवते? पुस्तकाला दोष देण्याआधी वाचकाने स्वतःला हे विचारावे.

मोठे लेखक ह्या बाबतीत फार सावध असतात. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये (वि. वा. शिरवाडकरांचे १९५४ चे ‘राजमुकुट’ हे त्याचेच रूपांतर) राजाचा खून पडद्याआड होतो. आपल्याला दिसतात ते रक्ताने माखलेले हात आणि ऐकू येते ती भ्यालेल्या मनाची तडफड. म्हणून आपण खुन्याच्या बाजूला असतो. मग मारलेला मित्र मेजवानीत येऊन बसतो. आणि चौथ्या अंकात मॅकडफचे लहानगे पोर आपल्या डोळ्यांदेखत मारले जाते. तेथे आपली कणव थबकते. मेलेले टप्प्याटप्प्याने जवळ आणून नाटककाराने ती मोजून घेतलेली असते.

दस्तयेवस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) ह्या कादंबरीत तर आम्हांला ह्याहून विलक्षण गोष्ट आढळते. रास्कोल्निकोव हा गरीब विद्यार्थी सावकारीणबाईला कुऱ्हाडीने मारतो आणि अचानक आत आलेल्या तिच्या भोळ्या सावत्र बहिणीला, लिझावेताला, हीही मारतो. पुढे तो सोन्याच्या खोलीत जातो, आणि ती त्याला योहानाच्या शुभवर्तमानातील लाजरसाची कथा वाचून दाखवते. हा प्रसंग अनेक प्रवचनांत सांगितला जातो. सांगताना बहुधा एक तपशील गळतो. सोन्याच्या हातातला तो नवा करार तिला लिझावेताने आणून दिलेला आहे, आणि तिच्या गळ्यात पुढे जो क्रूस येतो तोही लिझावेताचाच. खुनी माणूस पुनरुत्थानाची कथा ऐकतो ती त्याने मारलेल्या स्त्रीच्या पुस्तकातून. मेलेली त्या खोलीत तिसरी बसलेली आहे. म्हणून रास्कोल्निकोवसाठी आलेले आपले अश्रू फुकटचे वाटत नाहीत.

संत अगस्तीन यांनी ‘कबुलीजबाब’च्या तिसऱ्या खंडात आपल्या तरुणपणीच्या नाट्यवेडाविषयी लिहिले आहे. रंगमंचावरचे दुःख पाहून रडण्यात त्यांना गोडी वाटे, आणि ते स्वतःलाच विचारतात की ही कसली दया, जी कोणाच्या मदतीला जाण्यासाठी बोलावतच नाही. हा प्रश्न जरा कठोर आहे. सगळ्या नाट्यकलेला तो लावला तर काहीच उरणार नाही. पण खुनी नायकाबाबत तो लावून पाहावा.

ह्या सर्वांच्या आधी पवित्र शास्त्राने ही वाट चालून दाखवली आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात काइनला देव शिक्षा देतो आणि त्याला कोणी मारू नये म्हणून खूणही करतो. खुन्याच्या जिवाची अशी काळजी जगाच्या प्राचीन वाङ्मयात विरळाच. पण त्याच कथेत हाबेलच्या रक्ताची हाक जमिनीतून येत असते आणि देव ती ऐकत असतो. दोन्ही एकाच अध्यायात आहेत. दाविदाची गोष्ट ह्याहून बारकाईची. त्याने उरीयाला लढाईत पुढे घालून मारवले. नाथान संदेष्टा त्याच्याकडे येऊन आरोप करीत नाही. तो गोष्ट सांगतो, एका गरिबाची आणि त्याच्या एकुलत्या कोकराची. दाविदाची कणव आधी लुटल्या गेलेल्याकडे जाते, तो संतापतो, आणि मग त्याला कळते की हा संताप स्वतःवरच आहे. आमच्या समजुतीप्रमाणे हा समीक्षेचा पहिला धडा आहे: आधी कोकरू, मग राजा. पुढे दाविदाची स्तोत्रे आपण गातो, त्याच्यावर प्रेम करतो. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील वंशावळीत शलमोनाच्या आईचे नाव येत नाही, ती उरीयाची बायको म्हणून येते. ज्या राजाच्या घराण्यात प्रभू जन्माला आला, त्या घराण्याच्या यादीत त्या राजाने मारवलेल्या परक्या सैनिकाचे नाव कायमचे बसले आहे. दरवर्षी १७ डिसेंबरच्या मिस्सात ते वाचले जाते.

युद्धातल्या हत्येचा विषय वेगळा आहे. तो येथे नुसता स्पर्शून सोडतो. भोकरदन तालुक्यातील असईच्या शिवारात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढताना वेलस्लीच्या एकट्या सैन्यात मेलेले व जखमी मिळून दीड हजारांवर होते. तो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. तेथे कोणाला नायक संदिग्ध वाटला नाही.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. खुन्याविषयी कणव वाटणे म्हणजे त्याला क्षमा करणे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, आणि ख्रिस्ती माणूस म्हणून आपण ती लगेच करूनही टाकतो. क्षमा करण्याचा अधिकार वाचकाला नसतो. इंदूरजवळ २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया यांची बसमध्ये भोसकून हत्या झाली. मारणारा समंदर सिंग तुरुंगात असताना त्याच्या हाताला राखी बांधली ती सिस्टर राणी मारिया यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी. तो सुटून आला तेव्हा ह्याच कुटुंबाने त्याला घरी घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी सिस्टर राणी मारिया धन्यवादित घोषित झाल्या. ही हकिगत ऐकताना आपल्याला समंदर सिंगविषयी जे वाटते, ते त्या राखीमुळे वाटते. राखी काढून टाका आणि फक्त त्याचे दारिद्र्य, त्याला भरीला घालणारे लोक, त्याचे तारुण्य एवढेच सांगा. कथा तितकीच करुण होईल, आणि ती सिस्टर राणी मारियांची राहणार नाही.

आमच्या धर्मग्रामांतील तरुण मंडळी पवित्र आठवड्यात दुःखसहनाचे नाट्य बसवतात. त्यात बरब्बाची भूमिका मिळावी म्हणून चढाओढ असते, कारण साखळ्या, आरडाओरड आणि सुटकेचा क्षण असे सारे तीत आहे. स्वीडिश लेखक पेर लागरक्विस्ट यांनी १९५० साली त्याच्यावर एक कादंबरीच लिहिली आणि पुढच्या वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मार्काच्या शुभवर्तमानात एका वाक्यात सांगितले आहे की बंडात ज्यांनी खून केला होता, त्यांच्याबरोबर बरब्बा तुरुंगात होता. मेला तो कोण, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पुढच्या वर्षी संहिता लिहिताना पिलाताच्या अंगणातल्या गर्दीत त्याची आई उभी करून पाहावी. तिला संवाद नसला तरी चालेल. बरब्बाच्या साखळ्या गळून पडतील तेव्हा तिने प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहावे.